‘झकास’ कोणाचे, ‘भिडू’ कोणाचा?

२० सप्टेंबर २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. प्रतिभा सिंह यांच्यापुढे एक दावा सुनावणीस आला. अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, छबी, आवाज आणि बोलण्याची खास लकब यांचा परवानगीवाचून धंद्यासाठी वापर होत असल्याची तक्रार त्यात होती. त्या लकबींमध्ये एका शब्दाचा उल्लेख होता: ‘झकास’. न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिला. पुढे मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाचे दार जॅकी श्रॉफ यांनी ठोठावले. आपली ओळख म्हणून त्यांनी ‘जॅकी’ आणि ‘जग्गूदादा’ यांच्या जोडीला ‘भिडू’ हा शब्दही सांगितला. त्यांनाही अंतरिम संरक्षण मिळाले.

दोन्ही बातम्या वाचून मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर थोडेसे हसू आणि थोडीशी आठी उमटली असेल, तर त्यात नवल नाही. आजीच्या हातच्या पुरणपोळीला ‘झकास’ म्हणणाऱ्यांनी आता कोणाची परवानगी काढायची? गल्लीतल्या लंगडीच्या डावात ‘भिडू’ वाटून घेताना वकिलाची नोटीस येणार काय? अर्थात असे काहीही होणार नाही. न्यायालयाचा रोख होता तो कलावंताची नक्कल करून, त्याचा चेहरा वा आवाज कृत्रिमरीत्या बनवून पैसे कमावणाऱ्यांवर. शब्द उच्चारण्याला कोणी बंदी घातलेली नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या शब्दामुळे नट ओळखला जातो, तो शब्द त्या नटाकडे आला कोठून?

झकास पडद्यावर गाजला तो १९८५ साली, राजीव राय यांच्या ‘युद्ध’ या हिंदी चित्रपटातून. त्यातील ‘एकदम झकास’ ही अनिल कपूर यांची फेक इतकी लोकप्रिय झाली की, त्यानंतर प्रत्येक नकलाकाराला ती अवगत असणे भागच पडले. मात्र शब्द मराठीत आधीपासून नांदत होता. झक, झकपक, झकझकीत अशी त्याची भावंडे आहेत. चकाकणाऱ्या वस्तूचा भाव कानाला ऐकू यावा, या जातीचा हा अनुकरणवाचक शब्द. ‘भिडू’चे गोत्र तर आणखी सरळ आहे. जो भिडतो तो भिडू. हुतूतू, आट्यापाट्या, खो-खो आणि पत्त्यांचा डाव यांतला आपल्या बाजूचा गडी तो भिडू. जॅकी श्रॉफ मलबार हिलवरच्या तीन बत्तीच्या चाळीत वाढले आणि अनिल कपूर चेंबूरमध्ये. या दोघांच्या कानांवर हे शब्द पडले ते मुंबईच्या चाळींत आणि गल्ल्यांत. त्यांनी ते पुढे देशभर नेले, हे श्रेय त्यांचेच. पण शब्द घडवणारे जे होते, त्यांची नावे कोणत्याच श्रेयनामावलीत येत नाहीत.

रंजक बोलींचा आणि परवलीच्या वाक्यांचा सगळा इतिहास या एका घटनेत सामावलेला आहे. रस्ता शब्द घडवतो, पडदा त्याला चेहरा देतो आणि मग तो शब्द त्या चेहऱ्याच्या नावाने रस्त्यावर परत येतो. परत येताना त्याचा अर्थ क्वचितच पूर्वीचा असतो.

वाट, सुपारी आणि खोका

‘वाट लागणे’ घ्या. ‘वाट लावणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीची व्यवस्था लावणे, तिला मार्गी लावणे. ‘विल्हेवाट लावणे’ या शब्दप्रयोगात हा जुना अर्थ अद्याप शाबूत आहे. मुंबईच्या बोलीत त्याला उपरोधाची फोडणी बसली आणि ‘वाट लागली’ म्हणजे सत्यानाश झाला, एवढेच उरले. हिंदी चित्रपटांतल्या टपोरी नायकांनी ‘वाट लगा दी’ म्हणत तो दिल्ली-लखनौपर्यंत पोहोचवला. ‘बिनधास्त’चेही तसेच. धास्ती नसलेला तो बिनधास्त. हिंदीत जाताना त्याचा ‘ध’ गळाला आणि ‘बिंदास’ झाला. २००७ मध्ये तर यूटीव्हीने याच नावाची दूरचित्रवाहिनी सुरू केली. मराठीत मात्र चंद्रकांत कुलकर्णी यांच्या १९९९ च्या चित्रपटाच्या शीर्षकात ‘ध’ आपल्या जागी होता.

या सर्वांत ‘सुपारी’ची कथा सर्वाधिक लांबची आणि सर्वाधिक काळवंडलेली. मूळ शब्द मंगलकार्यातला. लग्न ठरले म्हणजे ‘सुपारी फुटली’. पुढे शब्द आणि व्यवहार पक्का करण्याची खूण म्हणून तो कलावंतांकडे आला. जुन्नर तालुक्यातील नारायणगावास गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा समितीचे लोक तेथे येऊन आपल्या यात्रेसाठी फड ठरवतात. त्या ठरावाला ‘सुपारी’च म्हणतात. वाद्यवृंदातला ढोलकीवाला आजही ‘उद्या सुपारी आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कोणताही वाईट हेतू नसतो. मुंबईतील टोळ्यांनी हाच शब्द माणूस मारण्याच्या सौद्यासाठी उचलला, वृत्तपत्रांच्या गुन्हे वार्ताहरांनी तो छापला आणि ‘सत्या’ (१९९८), ‘वास्तव’ (१९९९), ‘कंपनी’ (२००२) यांसारख्या चित्रपटांच्या लाटेने टोळ्यांची ही सगळी परिभाषा घराघरांत पोहोचवली. मग राजकारणाची पाळी आली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कोणावर टीका करणारा तो ‘सुपारीबाज’ ठरू लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये बीड येथे राज ठाकरे यांच्या ताफ्यासमोर शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) कार्यकर्त्यांनी खरोखरीच्या सुपाऱ्या फेकल्या. लग्नघरातून निघालेला शब्द तमाशाच्या राहुटीतून टोळीयुद्धात, तेथून पडद्यावर आणि शेवटी पुन्हा वस्तुरूपाने रस्त्यावर आला. वाक्प्रचार पुन्हा मूर्त वस्तू झाल्याचे असे उदाहरण विरळाच.

‘पेटी’ म्हणजे एक लाख रुपये आणि ‘खोका’ म्हणजे एक कोटी, हा हिशेबही टोळ्यांचाच. तोही चित्रपटांनी लोकांना शिकवला. जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड झाले आणि बंडखोर आमदार गुवाहाटीला गेले. तेथून तेव्हाचे सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर केलेले बोलणे बाहेर आले. झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचे त्यांनी माणदेशी बोलीत केलेले वर्णन आणि शेवटचा ‘एकदम ओक्के’ यांनी महाराष्ट्राला काही दिवस दुसरे काही सुचू दिले नाही. सत्तेच्या खेळात सामान्य माणूस हतबल होता. त्याच्या हाती लागला तो एवढा विनोद. दोन महिन्यांनी, ऑगस्टमधील पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. टोळीच्या हिशेबातला खोका आणि सांगोल्याचा ‘ओके’ असे दोन वेगळ्या घरचे शब्द एका यमकात बसवले गेले. शिंदे गटाने हा आरोप साफ नाकारला. घोषणा मात्र विरली नाही. एप्रिल २०२३ मध्ये याच आरोपावर बेतलेले रॅप गीत रचणाऱ्या एका तरुण गायकावर पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. थट्टेच्या शब्दाला कोणी गांभीर्याने घेत नाही, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

नाटकाचे देणे

हे सारे चित्रपटाच्या काळात सुरू झाले, असा एक समज आहे. तो खरा नाही. ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी कोणतेही मराठी दैनिक उघडा. मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईची बातमी असते आणि तिच्या मथळ्यात हटकून ‘तळीराम’ असतात. हा तळीराम राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले; त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. ज्यांनी ते नाटक पाहिलेले नाही, वाचलेले नाही, अशा उपसंपादकांच्या लेखणीतून शंभराहून अधिक वर्षांनंतरही तळीराम उतरतो आहे. गंमत अशी की, मूळ नाटकात तळीरामाचा शेवट करुण आहे आणि मथळ्यातला तळीराम मात्र नेहमी नुसता झिंगलेला, हसरा. दारूची शोकांतिका लिहिणाऱ्या नाटककाराच्या पात्राचे नाव दारूबद्दलच्या सौम्य थट्टेसाठी राखून ठेवले गेले आहे. गडकऱ्यांच्याच ‘प्रेमसंन्यास’मधला विसरभोळा गोकुळही असाच घरोघरी राहावयास गेला. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणाऱ्या आजोबांना ‘विसरभोळा गोकुळ’ म्हणणाऱ्या नातवाला गडकरी कोण, हे ठाऊक असेलच असे नाही.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ याहून पुढे गेले. १९१६ मध्ये संगीत रूपात आलेल्या या नाटकाचे शीर्षक आज मथळ्यात अवतरणचिन्हांवाचून येते. निकालावरून संशयकल्लोळ, निविदेवरून संशयकल्लोळ, उमेदवारीवरून संशयकल्लोळ. नाटकाचे नाव सामान्यनाम होणे हा लेखकाचा मोठाच सन्मान आहे, फक्त तो लेखकाच्या नावे जमा होत नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चे (१९६२) मात्र वेगळे. प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेला लखोबा लोखंडे इतका ठसठशीत होता की, आरोप झाल्याबरोबर हात झटकणाऱ्या पुढाऱ्याला आजही ‘लखोबा’ म्हटले जाते आणि बहुतेकांना ते नाटकातले आहे हे माहीत असते. माधव काझी नावाच्या खऱ्याखुऱ्या भामट्यावरून ते पात्र घेतले होते. काझीचे नाव लोक विसरले, लखोबाचे राहिले.

पु. ल. देशपांडे यांचा येथे उल्लेख न केला तर वाचक रागावतील. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील नारायण आणि सखाराम गटणे ही आता व्यक्तींची नावे राहिलेली नाहीत. लग्नघरात विनामोबदला राबणारा कोणीही नारायण असतो आणि पुस्तकी मराठीत बोलणारे प्रत्येक अवेळी प्रौढ झालेले पोर गटणे.

मारुती कांबळेचं काय झालं?

परवलीच्या सर्व मराठी वाक्यांत हे वाक्य वेगळे आहे. विनोदासाठी ते जन्मलेच नव्हते. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ हा चित्रपट १९७५ चा. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षी तो स्पर्धेत होता. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या साम्राज्यात श्रीराम लागू यांचा दारूडा, भणंग मास्तर येऊन पडतो. गांधीजींच्या काळातला हा माणूस. पूर्वी सैन्यात असलेला, पाटलाला आव्हान देणारा मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालेला आहे. मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं?

आज हा प्रश्न कुठे कुठे ऐकू येतो ते पाहा. रखडलेल्या पुलाबाबत, बेपत्ता झालेल्या फाइलीबाबत, चौकशी समितीच्या न आलेल्या अहवालाबाबत. एखाद्या कचेरीत साहेबांनी तीन महिन्यांपूर्वी कबूल केलेल्या पगारवाढीबाबतही एखादा जुना कारकून मान तिरकी करून तो विचारतो आणि सगळे हसतात. वाक्य ऐकताच बोलणाऱ्याचा रोख ध्यानात येतो: उत्तर ठाऊक आहे, देणाऱ्यालाही ठाऊक आहे, पण ते उघड म्हणण्याची कोणाची छाती नाही. यासाठी मराठीत दुसरे इतके नेमके वाक्य नाही. म्हणूनच ते पन्नास वर्षे टिकले. हशा हा त्याचा वरचा पापुद्रा आहे.

पापुद्र्याखाली मात्र एक मेलेला माणूस आहे आणि त्याचे आडनाव कांबळे आहे, ही गोष्ट तेंडुलकरांनी सहज लिहिलेली नव्हती. थट्टेत ते आडनाव उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा अर्थ जाणवतो? माझा अनुभव असा की, चित्रपट पाहिलेले हसता हसता थबकतात आणि न पाहिलेले हसून पुढे जातात. अर्थात असे पूर्वीही झाले आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनातून ‘काका, मला वाचवा’ हा वाक्प्रचार आणि त्याच खुनाच्या दंतकथेतून ‘ध’ चा ‘मा’ आपल्याकडे आला. आज काका-पुतण्याच्या राजकारणावर व्यंगचित्र काढणारा पहिले वाक्य हमखास वापरतो. अडीचशे वर्षांनी खुनाचा विनोद होतो, हे समजण्यासारखे आहे. मारुती कांबळेला मात्र तेवढाही वेळ मिळाला नाही.

निळू फुले यांच्या नावावर आणखी एक वाक्य आहे, ‘बाई, वाड्यावर या’. कोणत्या चित्रपटात, असे विचारले की बहुतेक लोक गप्प होतात. ते नकलाकारांनी आणि वाद्यवृंदाच्या निवेदकांनी इतके घोटले की, त्याला एखाद्या विशिष्ट चित्रपटाची गरजच उरली नाही. २००९ मध्ये निळूभाऊ गेले. सामाजिक चळवळीत आयुष्य घातलेल्या, अत्यंत साध्या राहणीच्या या माणसाच्या वाट्याला लंपट सरंजामदाराचे वाक्य कायमचे यावे, हा नटाच्या नशिबाचा भाग.

सत्तर रुपये वारले

निर्भेळ विनोदाचा मान मात्र ‘अशी ही बनवाबनवी’कडेच जातो. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस लिखित हा चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) तो बेतलेला, पण आज मूळ हिंदी चित्रपट फारसा कोणाला आठवत नाही. पुण्यात भाड्याने जागा मिळावी म्हणून दोन तरुणांनी बायकांची सोंगे घेतली, एवढीच गोष्ट. जागेची अडचण हा शहरी मराठी माणसाचा जुना आजार असल्याने ती जवळची वाटली, हे खरे. पण वाक्ये टिकली ती त्यांच्या व्याकरणामुळे.

घरमालक विश्वास सरपोतदार (सुधीर जोशी) यांनी मधुमेहाच्या औषधासाठी धनंजय मानेला (अशोक सराफ) सत्तर रुपये दिलेले असतात. औषध देणारा वारला असे सांगून धनंजय सत्तर रुपयेही ‘वारले’ असे जाहीर करतो. मराठीत ‘वारणे’ हे क्रियापद केवळ माणसाला, तेही आदराने, वापरतात. कुत्रा मरतो, शत्रूही मरतो, आजोबा वारतात. पैशाला ते सन्मानाचे क्रियापद लावले की, तक्रार करण्याची सोयच उरत नाही. सुतक धरावे लागते. बुडालेली ठेव, गेलेली अनामत रक्कम, मित्राने उसने नेलेले पैसे यांसाठी आजही सत्तर रुपये वारतात. तसेच ‘हा माझा बायको’. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीची ओळख करून देताना धनंजयाची जीभ घसरते. ‘हा’ आणि ‘माझा’ हे दोन पुल्लिंगी शब्द एका स्त्रीलिंगी नामापुढे उभे राहतात आणि सगळे पितळ दोन शब्दांत उघडे पडते. लिंगभेद क्रियापदापर्यंत पाळणाऱ्या भाषेतच हा विनोद होऊ शकतो. इंग्रजीत तो सांगून पाहा.

अशोक सराफ यांचा ‘धूमधडाका’मधला (१९८५) ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ हा तर शब्दही नव्हे. पाइप ओढताना लागलेल्या ठसक्याचा तो आवाज. अर्थाचा लवलेश नसलेले इतके लोकप्रिय वाक्य मराठीत दुसरे नसेल. महेश कोठारे यांच्या ‘डॅम इट’ने इंग्रजी शिवीला मराठी इन्स्पेक्टरचा गणवेश चढवला, तर त्यांच्याच ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू हा लहान मुलांना घाबरवण्याचा आणि मोठ्यांना हसवण्याचा शब्द एकाच वेळी झाला.

छोट्या पडद्याने यात भर घातली ती अलीकडे. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेतील जान्हवीचे ‘काहीही हं श्री’ हे लाडिक वाक्य समाजमाध्यमांवर इतके फिरले की, मालिका न पाहणारेही ते म्हणू लागले. पुढाऱ्याचे आश्वासन असो की हवामानाचा अंदाज, खाली कोणीतरी लिहिणारच, ‘काहीही हं श्री’. नवऱ्याचे कौतुक करणारे वाक्य अविश्वासाचे झाले. मालिकेच्या लेखकांच्या मनात ते खचितच नसावे.

हशा कोणाच्या जिवावर?

दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ चाच. ‘सामना’ आणि तो एकाच वर्षीचे, हा योगायोग मोठा बोलका आहे. त्या चित्रपटाने हवालदाराला ‘पांडू’ हे नाव कायमचे चिकटवले. पांडुरंगाच्या नावाचे हे घरगुती रूप. वारकऱ्याच्या घरात ते मायेने घेतले जाते. मुंबईच्या रस्त्यावर मात्र ‘पांडू आला’ म्हणजे पळा. दादांच्या हवालदाराबद्दल प्रेक्षकाला आपुलकी वाटते. बोलीत आलेल्या ‘पांडू’त तिचा मागमूस नाही. बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या शिपायाला हा शब्द झोंबतो, आणि झोंबावा अशाच स्वरात तो म्हटला जातो.

बोलीभाषांचेही असेच काही झाले. शहरी प्रेक्षकाला हसवायचे तर गड्याच्या तोंडी मालवणी किंवा घाटावरची बोली घालायची, ही रंगभूमीची आणि चित्रपटाची जुनी खोड. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०) ती उलटवली. मच्छिंद्र कांबळींच्या मालवणीवर हसणारा प्रेक्षक आता बाहेरचा राहिला नव्हता. स्वतः मालवणी माणूस आपल्याच गावच्या नाटकावर पोट धरून हसत होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतील पांडूचे ‘इसारलंय’ हे त्याच वाटेने आले. त्या एका शब्दाने विसरण्याची सबब सबंध महाराष्ट्राला मालवणीत देता येऊ लागली. (पडद्यावरच्या या दुसऱ्या पांडूचा हवालदाराशी काही संबंध नाही.) त्याच वर्षी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये तर गावची बोली विनोदी गड्याकडून थेट नायिकेकडे आली. मराठीत सांगून कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असा अर्चीचा खडा सवाल पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत घुमला तेव्हा हशा होता, पण तो तिच्यावर नव्हता. तिच्या बाजूने होता.

‘गांधीगिरी’चीही या संदर्भात आठवण होते. ‘लगे रहो मुन्नाभाई’ १ सप्टेंबर २००६ रोजी प्रदर्शित झाला. दादागिरी, भाईगिरी, गुलामगिरी अशा शब्दांना लागणारा ‘गिरी’ हा फारसी प्रत्यय गांधीजींच्या नावाला लागताच जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण शब्द रुजला. खड्ड्यांची आरती, उशिरा येणाऱ्या अधिकाऱ्याला गुलाबाचे फूल, या बातम्यांना त्याच्यावाचून मथळा देणे वृत्तपत्रांना आता जमत नाही.

या साऱ्याची नोंद कोण ठेवतो? य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले. कोकण, गोवा, वऱ्हाड यांच्या बोलींतले शब्द त्यांनी प्रदेशाच्या खुणेसह नोंदवले. ग्राम्य म्हणून ते बाहेर ठेवले नाहीत. पुढे वाक्प्रचारांचा स्वतंत्र कोशही त्यांनी केला. त्यानंतर पडद्याचे आणि दूरचित्रवाणीचे युग आले, हजारो प्रयोग आले-गेले, आणि कोणता शब्द कोणत्या वर्षी, कोणाच्या तोंडून लोकांत गेला, याचा तेवढ्याच चिकाटीने ठेवलेला हिशेब आपल्यापाशी नाही. म्हणूनच ‘झकास’ न्यायालयात गेला तेव्हा त्याचा जन्मदाखला मागायला कोणी पुढे झाले नाही. ‘पाट्या टाकणे’ (मन न लावता काम उरकणे), ‘पोपट होणे’ (फजिती होणे), ‘कल्टी मारणे’ (गुपचूप निसटणे) हे तर कोणत्याच नटाच्या नावावर नाहीत, त्यामुळे त्यांची चौकशी करणारे आणखीच थोडे. कोल्हापूरकडच्या ‘नाद खुळा’चा मात्र झेंडा गावाने स्वतःच उंच धरला आहे.

‘भिडू’ ज्या खेळातला, त्याच खेळात आणखी एक शब्द आहे, ‘कच्चा लिंबू’. मोठ्या मुलांत खेळायला आलेले लहान पोर. त्याला डावात घ्यायचे, पळू द्यायचे, पण बाद धरायचे नाही आणि त्याच्यावर राज्यही द्यायचे नाही. २०१७ मध्ये प्रसाद ओक यांनी जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवरून मतिमंद मुलाच्या आईवडिलांवर चित्रपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शीर्षक होते ‘कच्चा लिंबू’. त्याचा अर्थ मराठी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावा लागला नाही.